सहावी वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

आधी तक्रार लिहिते, बाकीचं नंतर. मुलाने माझी पेटी गाडीत आडवी टाकली. पेटीत यांचा जुना अँप्लिफायर आहे, उभाच ठेव म्हणून मी दोनदा बजावलं होतं. तर म्हणतो, आई, ते भंगार आता वाजतंय कुठे. वाजतंय. आल्या आल्या लावून बघितलं, दिवा लागला, काटा हलला. तुझी गाडी इतकी वर्षं चालली तर मला दाखव, असं म्हणणार होते, पण तोवर तो फोनवर होता.

आता घराबद्दल. घर चांगलं आहे. बैठं, सुटं, दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं. स्वयंपाकघराला दोन खिडक्या, त्यामुळे डाळ करपली की घरभर होत नाही. मला मागची खोली दिली आहे. लहान आहे, पण उजेड भरपूर. सुनेने पलंगावर कोरी चादर घातली होती, तिची घडी मोडताना जिवावर आलं. यांना जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून माझ्यासाठी कुणी अंथरूण घातलं नव्हतं.

मुलगा विम्याच्या कचेरीत, सून दातांची डॉक्टर. संध्याकाळी सातच्या आत दोघांचं तोंड दिसत नाही. नात दीडला शाळेतून येते. तिच्यासाठी मला आणलंय हे मला कळतं. ते म्हणतात तुझ्यासाठी आणलं. म्हणू देत.

नात आठ वर्षांची. फाटकातून आजी म्हणाली की मागच्या खोलीत फुलपात्र वाजतं. मी तिचं नाव भोंगी ठेवलं. तिला आवडलं. सुनेला नाही.

ही वहीही सुनेनेच दिली. दुपारी लिहीत बसा म्हणाली, वेळ जाईल. बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

या घरात एक खोली सिनेमाची आहे. भिंतींना गाद्यांसारखं काळं काहीतरी चिकटवलंय, दार लावलं की बाहेर कुणी मेलं तरी आत कळणार नाही. आधीच्या मालकाची हौस. पाच स्पीकर भिंतीतच बसवलेले म्हणून राहिले, अँप्लिफायर तो घेऊन गेला. आमच्या साहेबांनी घर घेतलं ते या खोलीपायी, असं सून हसत म्हणाली. हसणं वरवरचं होतं.

आमच्या यांचा लाउडस्पीकरचा धंदा. सभा, लग्नं, शाळांची संमेलनं. मी शिकले तिसरी, पण चाळीस वर्षं वायरी सोलल्या त्या मी. मुलाला त्या धंद्याची लाज. वडील काय करतात विचारलं की विजेची कामं म्हणायचा. आता स्वतः पाच स्पीकरांपुढे पाय पसरून बसणार आहे.

भोंगीला आज एक गंमत दाखवली. स्पीकर उलटा जोडला की त्याचा माईक होतो. बोलतो तोच ऐकतो. पेटीतला वीतभर स्पीकर यांच्या अँप्लिफायरला माईकच्या जागी जोडला आणि तिला म्हटलं, बोल. माझ्या आवाजाला काटा निम्म्यावर गेला. तिच्या आवाजाला लाल पट्टीत जाऊन आपटला. दुपारभर त्या काट्याला घाबरवत बसली. मी इतकी कधी हसले होते ते आठवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगा अँप्लिफायर घेऊन आला. खोक्यावर ठळक अक्षरात आठशे वॅट. मी मागची पट्टी वाचली, एकेका स्पीकरला चाळीस. खोक्यावरचे वॅट हे मुलगी दाखवताना सांगितलेल्या वयासारखे असतात. मग भिंतीतल्या एका स्पीकरची जाळी काढून त्याची पट्टी वाचली. आठ ओहम, दीडशे वॅट.

मी म्हटलं, हे स्थळ जमत नाही. तो म्हणाला, आई, अँप्लिफायर लहान असला की स्पीकर उलट सुरक्षित. सगळ्यांना असंच वाटतं. लहान अँप्लिफायरला मोठे स्पीकर दिले की आवाज पुरत नाही, मग माणूस बटण पिळत जातो. ताकद संपली की तो आवाजाची डोकी कापून पुढे ढकलतो, आणि त्या कापलेल्या आवाजाने स्पीकर जळतो. बिचारा अँप्लिफायरही तापून जातो. लहान ताकदीला मोठी मागणी लावली की दोघंही मरतात. यांनी धंद्यात पहिल्यांदा हेच शिकवलं होतं मला.

त्याने ऐकून घेतलं आणि बटण पिळलं. अर्ध्या सिनेमात उजव्या हाताच्या स्पीकरमधून वॉर्निश जळाल्याचा वास. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही.

सिनेमा चालू असताना माझा गुडघा आखडला होता. पडल्या पडल्या तीन हाका मारल्या, पाण्याची गरम पिशवी द्या म्हणून. दार बंद, कुणाला ऐकू जाणार. शेवटी उठले, भिंतीला धरून गेले, पिशवी भरली. ओ देणारं माणूस गेलं तरी हाक मारायची सवय राहते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाने मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी कागदावर लिहून दिलं. एकेकाला दोनशे वॅट, आठ ओहम, बटण निम्म्याच्या पुढे नेऊ नये, जळालेला स्पीकर बदलावा. कागद बघून दुकानदार म्हणाला, इंजिनिअर कोण आहे तुमच्याकडे. मुलगा म्हणाला, माझी आई. हे त्याने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाणी पिताना सांगितलं. मी भाजी ढवळत राहिले. ढवळायची गरज नव्हती.

जोडताना मी मीटर लावत होते. पाच स्पीकरच्या पाच वायरी, पाचही ठीक. कपाटामागे सहावी निघाली, टोकं सोललेली, कशालाच न जोडलेली. मीटर लावला तर काटा बरोबर त्या पाचांसारखाच. म्हणजे पलीकडच्या टोकाला स्पीकर आहे. शोधत गेलो, तो माझ्या खोलीत. पलंगामागे, उशीच्या उंचीवर, भिंतीत बशीएवढी जाळी. वर रंग मारल्यामुळे कुणाला दिसली नव्हती.

नव्या अँप्लिफायरला सात जागा आहेत. त्याने सहावीही जोडून टाकली. म्हणाला, तुला पडल्या पडल्या सिनेमा ऐकता येईल. मला सिनेमा नको होता, पण त्याला माझी आठवण आली, म्हणून राहू दे म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आवाज लागला. बटण तिसऱ्या हिश्श्यावर, आणि पावसाचा एकेक थेंब वेगळा. हे असते तर कान पुढे करून बसले असते आणि म्हणाले असते, आता हात लावू नका कुणी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगी दुपारी स्वयंपाकघरात आली आणि रागावून म्हणाली, आजी, सारखी काय विचारतेस, सांगितलं ना मी आहे म्हणून. मी वाटाणे सोलत होते. कुणाला काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, सिनेमाच्या खोलीत स्पीकरमधून आजीचा आवाज येतो. कोण आहे गं तिकडे, असं विचारतो. ती मी आहे म्हणते. मग परत विचारतो. कालही आला होता, परवाही.

मला वाटलं पोरीची थट्टा. जाऊन उभी राहिले. अँप्लिफायर चालू, त्यावर काहीच लावलेलं नाही. पाचेक मिनिटांनी समोरच्या स्पीकरमधून आलं.

कोण आहे गं तिकडे?

म्हाताऱ्या बाईचा आवाज. तोंडाला कोरड पडल्यासारखा. ज्याला उत्तर मिळण्याची फार आशा नाही, असा.

मी सगळं तपासलं. माईक कुठेच नाही. सहावी वायर माईकच्या जागी नाही, स्पीकरच्या जागी जोडलेली आहे; तिच्यातून आवाज माझ्या खोलीकडे जातो, तिकडून इकडे येऊ शकत नाही. नळाने पाणी ओढून घेतलंय असं कधी होत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच भोंगीला हाताला धरून बाहेर आणलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

समोर एक शिवणकाम करणारी बाई राहते. सुनेचे पडदे आखूड करायचे होते, ते निमित्त करून गेले. आधीच्या मालकाबद्दल विचारलं. बाईचं मशीन थांबलं.

तिने सांगितलं ते असं. मालकाची आत्या मागच्या खोलीत असायची. पडली आणि अंथरुणाला खिळली. तिची हाक सिनेमाच्या खोलीत पोचेना, म्हणून त्याने तिच्या उशाशी भिंतीत तो स्पीकर बसवला, उलटा, माईकसारखा. मनाने वाईट नव्हता म्हणाली. पण त्याचं यंत्र किरकोळ. सिनेमा चालू असला की आत्याचा आवाज त्याच्या वर येतच नसे. एका रविवारी दुपारी पाहुणे आले, दोन सिनेमे लागोपाठ लावले. आत्याने सगळी दुपार हाका मारल्या. पाणी हवं होतं की काय हवं होतं कोण जाणे. चहाच्या वेळी बघायला गेले तेव्हा संपली होती.

मी विचारलं, तुला कसं माहीत हाका मारल्या. बाईने दातात धरलेली सुई काढली आणि म्हणाली, आजी, खिडकी उघडी होती, मला ऐकू येत होतं. कोण आहे गं तिकडे, कोण आहे गं तिकडे. मला वाटलं घरात इतकी माणसं आहेत, जाईल कुणीतरी.

मी पडदे तिथेच विसरून आले.

आवाज तेव्हाही होता. फक्त ताकद कमी पडत होती. दोनशे वॅटचा कागद कुणी लिहिला, ते या वहीत वर आहेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भोंगीचा आवाज बसला आहे. बुधवारपासून. शाळेच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, हजेरीला ऐकू येत नाही म्हणून. सुनेने घशाच्या डॉक्टरला दाखवलं. घसा स्वच्छ, गाठ नाही, सूज नाही. बोलणं कमी करा म्हणाला.

आज तिला परत काट्यापुढे बसवलं. म्हटलं, ओरड. तिने मान ताणून ओरडलं, शिरा दिसल्या. काटा जागचा हलला नाही. ती रडायला लागली, तेही आवाजाशिवाय. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. मग ती पाणी प्यायला गेल्यावर मी नुसतं हूं म्हटलं. काटा निम्म्यावर.

तिला विचारलं, अजून ओ देतेस का. मान हलवली. का देतेस. कागदावर लिहून दाखवलं: ती एकटी आहे. मी पण एकटी असते.

मी इथे आल्याला तीन आठवडे झाले आणि ही अजून एकटी असते. माझ्या तोंडावर कुणी मारलं असतं तर कमी लागलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सहावी वायर कापली. दोन्ही टोकांना. मुलगा संतापला, आई, भिंतीतली वायर आहे ती. सगळं सांगितलं त्याला. शिवणवाली, आत्या, काटा. तो बायकोकडे बघत होता आणि ती जमिनीकडे. शेवटी म्हणाला, तुला बाबांची आठवण येते म्हणून असं होतंय. म्हटलं, येते, पण ते स्पीकरमधून येत नाहीत, आणि त्यांना त्यांच्या धंद्याची लाज नव्हती, तुझ्यासारखी. नको ते बोलले. त्याने सिनेमा लावला.

पोरीला तिच्या मावशीकडे पाठवा म्हटलं. सून म्हणाली, परीक्षा आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अँप्लिफायरचा प्लग काढून ठेवला. दिवा विझला. खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

दुपारी साडेबाराला माझ्या उशामागच्या जाळीतून आलं. वायर नाही, वीज नाही. मोठ्याने. भिंत थरथरली इतक्या मोठ्याने.

त्यात शेवटी एक सूर होता, हाक मारताना वर जाणारा. तो भोंगीचा आहे. मी ओळखते.

अँप्लिफायर स्वतःहून ताकद तयार करत नाही. कुठून तरी घेतो आणि देतो. प्लग काढला, मग आता ती कुठून—

पोरीकडून. प्रत्येक ओ मागे थोडी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगीला माझ्या मांडीवर बसवून कान दाबले. तरी ओठ हलत होते. मी आहे. मी आहे. तिला थांबता येत नाही. बोटं बर्फासारखी.

मागणी मोठी आणि पोरीची ताकद चाळीस वॅटची. अख्ख्या दुपारच्या हाका साचल्यात त्या बाईच्या. लहान ताकदीला मोठी मागणी लावली की—

हे मीच लिहिलंय वर.

बरोबरीचं लावायला हवं. मी सत्तर वर्षं आरडाओरडा केलाय. मंडपात माईक बंद पडला की हे मला उभी करायचे, शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. तेवढी ताकद या घरात दुसऱ्या कुणाकडे नाही.

आणि खरं लिहायचं तर तिची कीव येते. तिला फक्त ओ हवी होती. मलाही त्या रविवारी गरम पिशवी नंतर चालली असती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पोरगी शाळेत असताना जाळीशी तोंड नेलं. तिने विचारलं. मी म्हटलं, ओ. मी आहे. बोल.

ती थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं झालं, एवढंच हवं होतं.

मग परत विचारलं. मी परत ओ दिली. दीड वाजेपर्यंत. छातीतून काहीतरी दोऱ्यासारखं ओढलं जातं.

फाटकातून भोंगी ओरडली, आजी. फुलपात्र वाजलं.

मला ये म्हणता आलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज गेला. काट्यापुढे बसले, शून्य. सून म्हणाली, साथ दिसते, आधी हिला आता तुम्हाला. गरम पाणी दिलं. बरी आहे ती मनाने.

भोंगी घरभर गाते आहे.

मी वाटी वाजवून तिला बोलावते. दोनदा वाजली की आजी. तिला खेळ वाटतो.

दुपारी वाटी माझ्या हातात, मी ओट्याशी, आणि मागच्या खोलीतून— भोंगे, ये गं, आजी बोलावते— माझा आवाज. अगदी माझा. मी ठेवलेलं नाव.

पोरगी धावली. उंबऱ्यात पकडली. ओ तिच्या ओठांवर आली होती, तळहाताने दाबली. ती माझ्याकडे बघते, भिंतीकडे बघते. कोणती आजी खरी ते तिला—

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊण वाजला. दीडला ती येईल.

सकाळपासून ओ देते आहे. आवाज नाही, नुसते ओठ. चालतं तिला. आता माझा श्वास ओढून घेते.

हात जड. अक्षर लागत नसेल तर लावून घे. कुलूप काढून वही तुझ्या अँप्लिफायरवर ठेवते, तिथे तू बघतोस.

बाळा, नीट वाच. माझ्या आवाजात हाक आली तर ती मी नाही. मी वाटी वाजवीन. वाटी वाजली नाही तर मी नाही, समज. पोरीला आजच मावशीकडे ने, परीक्षा गेली खड्ड्यात.

तिला ओ मिळाली नाही तर ती पोरीला शोधणार. कुठेही. म्हणून कुणीतरी द्यायला हवी. बरोबरीचं माणूस. सूनबाईने नाही. पोरीने तर मुळीच नाही.

परत विचारते आहे— माझ्याच आवाजात— कोण आहे गं—

ओठ हलत नाहीत आता.

तू दे. माझ्या हाकांना दिली नाहीस त्या सगळ्या साचल्यात तुझ्याकडे, तेवढ्या पुरतील. दार उघड, सिनेमा बंद कर, जाळीशी बस आणि तूच ओ दे, दुसऱ्या कुणी नाही, तू, माझ्या पोरा, तू—